कानावर पडलेले, विचारून घेतलेले

परळ-लालबागच्या बसमध्ये परक्यांचे बोलणे आपोआप कानावर पडते. ते जसेच्या तसे रंगमंचावर आणावे का? आम्हाला वाटते, कानावर पडलेले पुरत नाही, विचारावे लागते. बसमध्ये माणूस घरभाडे, पोरांची फी बोलतो; संपातली उपासमार अनोळखी माणसांत काढत नाही.

इंग्लंडमध्ये पीटर चीझमन यांनी १९६६ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे ‘द नॉटी’ हे रेल्वेवरचे नाटक केले, ते जुनी कागदपत्रे आणि रेल्वे कामगारांच्या टेप केलेल्या आठवणींवर.

आपल्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी अशा माणसांना बोलते केले. ते पुस्तक २००४ मध्ये आले. त्यातून प्रेरणा घेऊन रामू रामनाथन यांनी ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ लिहिले आणि सुनील शानभाग यांनी ते २००६ मध्ये बसवले. त्यातले भाऊ आणि काका मात्र कल्पित. म्हणजे हे अक्षरशः बोललेल्या शब्दांचे नाटक नव्हे. तसे नाटक अजून करण्याजोगे आहे.

त्यात मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही हवेत. त्यांची बोली ना पुस्तकी उर्दू, ना पुस्तकी मराठी. (आम्हा शिक्षकांचा हात लगेच लाल शाईकडे जातो!) ती ‘सुधारली’ की माणूसच गेला. संपाच्या वेळी तिशीत असलेला विणकर आज सत्तरी ओलांडून गेला आहे.