पोवळ्यांची माळ

१६१९ च्या सुमारास ॲन्टवर्पचा चित्रकार रूबेन्स कीर्तीच्या शिखरावर होता. मागण्या इतक्या, की शिष्यांच्या हातभारावाचून त्या पुऱ्या होणे अशक्य. १६२० साली जेझुइटांच्या चर्चमधील छतासाठी ३९ चित्रांचा करार झाला, तेव्हाही स्वहस्ते काढावयाचे ते लहान आराखडेच. मोठी चित्रे रंगविण्याचे काम बव्हंशी व्हॅन डाइक आदी साहाय्यकांचे.

व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयातील एका लहानशा रेखाचित्रात मात्र दुसऱ्या कोणाचा हात नाही. काळ्या व तांबड्या खडूने उतरलेला तो त्याचा मुलगा निकोलास, १६१८ चा जन्म, म्हणजे जेमतेम वर्षाचा. फुगीर गाल, मऊ कुरळे केस आणि गळ्यात पोवळ्यांची माळ. ही माळ केवळ शोभेची नव्हे. पोवळे बालकाला रोगराईपासून व वाईट नजरेपासून राखते, अशी युरोपात जुनी समजूत होती. दृष्टमणी ठाऊक असलेल्या आपल्या श्रोत्यांना ती परकी वाटू नये.

आणि भय तरी कुठे निराधार होते? १६२३ मध्ये निकोलासची थोरली बहीण क्लारा सेरेना अवघी बारा वर्षांची असताना गेली. १६२६ मध्ये आई इझाबेला. निकोलास वाचला. त्याच सुमारास पित्याने रंगविलेल्या तैलचित्रात तो थोरला भाऊ आल्बर्ट याच्या शेजारी उभा आहे, दोरीने बांधलेल्या पक्ष्याशी खेळत.