फाइल प्रणालीतील निरुपयोगी भागांचे उच्चाटन : ‘एक्स्ट ३’चे उदाहरण

संगणकाच्या इतिहासात नव्या रचनांची नोंद आवर्जून होते, काढून टाकलेल्यांची क्वचितच. वस्तुतः जुने केव्हा व कोणत्या आधारावर टाकावे, हा प्रश्न नवे घडविण्याइतकाच बिकट असतो. लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे त्या मुक्तस्रोत प्रणालीच्या गाभ्यातून, २०१५ साली झालेले ‘एक्स्ट ३’चे उच्चाटन या दृष्टीने उद्बोधक आहे.

फाइल प्रणालीला दोन अंगे असतात. डिस्कवर माहिती मांडण्याची पद्धत हे एक. ती मांडणी वाचणारी व लिहिणारी फंक्शने हे दुसरे. १९९३च्या ‘एक्स्ट २’मध्ये अकस्मात वीज गेल्यास संपूर्ण डिस्क तपासावी लागे. स्टीफन ट्वीडी यांनी तीत बदलांची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या रोजनाम्याची भर घातली व ‘एक्स्ट ३’ सिद्ध झाली. ती २००१ साली कर्नलमध्ये आली. रोजनाम्याचे काम ‘जेबीडी’ या वेगळ्या विभागाकडे होते.

२००६ साली पुढील विस्ताराचा प्रश्न निघाला, तेव्हा स्थिरावलेल्या प्रणालीस धक्का लागू नये म्हणून तिची प्रत काढून ‘एक्स्ट ४’चे काम सुरू झाले, ती २००८ साली स्थिर म्हणून जाहीर झाली. परिणामी एकाच कुळातील दोन संहितांची देखभाल शिरावर आली. तथापि ‘एक्स्ट ४’ची फंक्शने ‘एक्स्ट ३’ची मांडणीही हाताळू शकत होती. या आधारावर यान कारा यांनी ४.३ या आवृत्तीसाठी जुनी संहिता काढून टाकली. तिच्याबरोबर ‘जेबीडी’लाही वापरणारा कोणी उरला नाही; म्हणून तोही विभाग गेला.

निरुपयोगी भाग ओळखणे मात्र वाटते तितके सोपे नसते. एकाच फाइलपुरते मर्यादित असलेले फंक्शन कोठेही वापरलेले नसेल, तर कंपायलर तशी सूचना देतो. परंतु फाइल प्रणालीतील अनेक फंक्शने नावाने न बोलाविता पत्त्यांच्या कोष्टकांतून बोलाविली जातात. तेथे केवळ नावाचा शोध घेणे अपुरे पडते. शिवाय संहितेत वापर नसणे आणि जगात वापर नसणे या भिन्न गोष्टी होत. कर्नलच्या अंतर्गत फंक्शनांना स्थैर्याचे वचन नाही. डिस्कवरील माहितीच्या धन्याची अपेक्षा मात्र डावलता येत नाही.

‘रायझरएफएस’च्या बाबतीत हा भेद तीव्रतेने जाणवला. तिच्या मांडणीचा वारसा घेणारी दुसरी प्रणाली कर्नलमध्ये नव्हती व देखभाल खुंटली होती. म्हणून २०२२ साली पूर्वसूचना देऊन वापरणाऱ्यांना माहिती हलविण्यास अवधी देण्यात आला; जानेवारी २०२५मधील ६.१३ या आवृत्तीत ती उरली नाही.

काढलेली संहिता गिटच्या इतिहासात सुरक्षित राहते, हे खरे. परंतु जपलेली संहिता म्हणजे चालती संहिता नव्हे. तशी डिस्क पुढे कोणास सापडली, तर ती वाचण्यासाठी त्यास जुने कर्नलच उभे करावे लागेल. ‘एक्स्ट ३’च्या डिस्कधारकावर ही वेळ आली नाही, कारण तेथे फंक्शने गेली तरी मांडणीचा वाचक कायम राहिला. उच्चाटनाच्या युक्तायुक्ततेची खरी कसोटी हीच होय.