सेविकेचे प्रमाणपत्र आणि शिक्षिकेचा हक्क

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) अंगणवाडी ताईंसमोर एक अट ठेवली आहे. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या ताईंनी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करायचा. त्यापेक्षा कमी शिकलेल्यांनी एक वर्षाची पदविका करायची. विषय बालशिक्षणाचा, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना कसे शिकवावे याचा. हे शिक्षण डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून घेता येईल, महिन्यातून किमान एक संपर्क वर्ग होईल आणि ताईंच्या चालू कामात कमीत कमी व्यत्यय येईल, असे धोरण म्हणते.

वाचायला हे चांगलेच वाटते. पण 'कामात व्यत्यय नको' याचा अर्थ काय, ते नीट समजून घ्या मित्रांनो. अंगणवाडी थांबणार नाही, पोषण आहार थांबणार नाही, सर्वेक्षण थांबणार नाही, मोबाइलवर माहिती भरणे थांबणार नाही. मग थांबणार काय? ताईची झोप! काम करून शिकायचे, पण शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरायचा नाही. आणि शिकून झाल्यावर पद कोणते, पगार किती, यावर धोरणाच्या त्या परिच्छेदात एक शब्द नाही.

यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. काही कार्यकर्ते म्हणतात, "हा जुन्या बायांना काढण्याचा डाव आहे, या अभ्यासक्रमावर बहिष्कार टाका." दुसरे म्हणतात, "पोरं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण?" मला दोन्ही मान्य नाहीत. आपला इतिहास पाहिला की यातून तिसरा रस्ता दिसतो.

कष्टकऱ्याच्या वेळेला उघडणारी शाळा

काम करता करता शिकणे ही आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गोष्ट नाही. सावित्रीमाई लग्नानंतर घरात जोतीरावांकडून शिकल्या, पुढे त्यांनी अहमदनगर आणि पुण्यात अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. आधुनिक महाराष्ट्राची ही पहिली शिक्षिका प्रशिक्षित शिक्षिका होती, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगायला विसरतो. शेण आणि दगड सगळ्यांना आठवतात, प्रशिक्षण कुणाला आठवत नाही.

१८५५ मध्ये फुले दांपत्याने शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. रात्री का? कारण शिकणारा दिवसभर राबत होता. शाळेने त्याला 'काम सोडून ये' असे सांगितले नाही. शाळाच त्याच्या वेळेला उघडली.

हेच सूत्र बाबासाहेबांनी पुढे नेले. ते स्वतः १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्या पगारातून पैसा साठवून लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला गेले. नोकरी करून शिकणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. म्हणूनच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. नोकरदार विद्यार्थ्याने सकाळी शिकावे आणि नंतर कामावर जावे. वेळापत्रक संस्थेने बदलले, विद्यार्थ्याच्या डोक्यावर ते ओझे टाकले नाही. आजच्या धोरणात हे उलटे झाले आहे. संस्था आपल्या जागी, खाते आपल्या जागी, ताईनेच आपले चोवीस तास ताणून तीस करायचे.

हमाल ते मुख्याध्यापिका

नागपूर भागातील जाईबाई चौधरींचे नाव आपल्या किती तरुणांना माहीत आहे? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाने ज्या स्त्रिया उजेडात आणल्या त्यांतल्या त्या एक. जन्म १८९२ चा. लहानपणी लग्न झाले. पोटासाठी त्यांनी हमालाचे काम केले, डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी सिस्टरने त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली. बाई महार आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुले शाळेतून काढायला सुरुवात केली आणि नोकरी गेली. १९२२ मध्ये जाईबाईंनी मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा उघडली.

इथे एक गोष्ट नीट पाहा. जाईबाईंची नोकरी गेली ती शिकवता येत नव्हते म्हणून नव्हे, जातीमुळे. पात्रता मिळवली तरी जात आडवी येते, हा अनुभव आपल्या बायकांना शंभर वर्षांपासून आहे. म्हणून 'प्रमाणपत्र मिळाले की सन्मान आपोआप मिळेल' या भ्रमात आपण राहू नये. त्याच वेळी हेही पाहा, की जाईबाई 'मग शिकून काय उपयोग' म्हणून घरी बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःची शाळा काढली.

'सेवा' या शब्दाचा हिशेब

अंगणवाडीच्या कल्पनेचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना जाते आणि ते द्यायलाच हवे. ताराबाईंनी भावनगरात गिजुभाई बधेकांबरोबर काम केले. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम उभे राहिले. जे मूल बालवाडीत येत नाही, त्याच्या अंगणात बालवाडी न्यायची, हा विचार खरोखर मोठा होता. अनुताई बालविधवा. दिवसा शिक्षिकेची नोकरी आणि रात्री शाळा करून त्या मॅट्रिक झाल्या. काम करून शिकणाऱ्या बायांच्या रांगेत त्यांचेही नाव आहे, ते आपण आदराने घेतले पाहिजे.

पण सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा या कामाचे बाह्यरूप उचलले आणि शिक्षिका मात्र गाळली. तिच्या जागी आली 'सेविका'. तिला पगार नाही, 'मानधन'. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा तिच्या माथी आल्या. त्यांत पूर्वप्राथमिक शिक्षण फक्त एक. वजनकाटा, आहाराचा हिशेब आणि रजिस्टरे यांच्या गर्दीत ते नेहमीच शेवटी राहिले.

'सेवा' हा शब्द साधा नाही. या देशात सेवा हे शूद्रांचे आणि स्त्रियांचे कर्तव्य म्हणून धर्मग्रंथांनी लिहून ठेवले. सेवा करणाऱ्याने मोबदला मागायचा नसतो, मागितला तर तो कृतघ्न ठरतो. तीच मनोवृत्ती सरकारी फायलीत 'मानधन' होऊन बसली आहे. मान द्यायचा आणि धन कापायचे! केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये सेविकेच्या मानधनातला आपला वाटा ३००० वरून ४५०० रुपये केला. राज्य त्यात आपली भर घालते, पण तिला कर्मचारी म्हणायला कुणी तयार नाही.

आता जोतीरावांकडे पाहा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांविषयी काय मागितले? शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार केलेले असावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. आणि त्यांचा पगार महिना १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत त्याहून जास्त असावा. प्रशिक्षण, आपल्यातलाच शिक्षक आणि पुरेसा पगार या तिन्ही मागण्या जोतीरावांनी एकत्र केल्या होत्या. सरकारने १४० वर्षांनी त्यातली एकच उचलली, प्रशिक्षण. तेही ताईच्या स्वतःच्या वेळेत.

कलम ४५ मधून कोण वगळले गेले?

हा विषय फक्त ताईंच्या मानधनाचा नाही, मुलांच्या हक्काचाही आहे. मूळ संविधानातील कलम ४५ सांगत होते, की राज्याने दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एका सदस्याने ही तरतूद 'प्राथमिक' शिक्षणापुरती मर्यादित करा अशी दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावायला आपण बंदी घालतो, तर त्याला तोवर कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत ठेवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मूळ कलमात वरची मर्यादा चौदा वर्षे होती. खालची मर्यादा नव्हतीच. तीन वर्षांचे मूलही त्यात बसत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना कलम २१-अ खाली मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्या मुलांना कलम ४५ च्या मार्गदर्शक तत्त्वात मागे ठेवले. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम ११ मध्येही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' असेच आहे, 'करील' असे नाही. मुलाला शिकण्याचा हक्क नाही म्हणून ताईला शिक्षिकेचा दर्जा नाही. दोन्ही वगळणुकी एकाच मुळाच्या आहेत.

आणि नवे धोरण स्वतःच म्हणते, की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. एवढे मोलाचे काम जिच्या हाती, तिला कर्मचारी म्हणायला सरकार का घाबरते?

आपल्या पोरांसाठी हे शिक्षण का हवे

'पोरं सांभाळायला शिक्षण कशाला' म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांचे १२ मार्च १९२७ चे मुंबई विधिमंडळातील भाषण दाखवा. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला सुनावले होते. गळती वरच्या वर्गांत सुरू होत नाही, ती पायाशीच सुरू होते.

आज श्रीमंताचे मूल तिसऱ्या वर्षी महागड्या 'मॉन्टेसरी'त जाते. मारिया मॉन्टेसरीने आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत उघडले होते, हे त्या शाळांच्या पाट्यांवर कुणी लिहीत नाही. गरिबांच्या मुलांत जन्मलेली पद्धत आज गरिबांनाच परवडत नाही.

वस्तीत काम करताना मला एक गोष्ट सारखी दिसते. मूल घरची बोली घेऊन अंगणवाडीत येते. 'असं नाही बोलायचं' म्हणून त्याला गप्प केले की ते पुढे पहिलीतही गप्पच बसते. बालशिक्षण शिकलेली ताई त्याच बोलीतून गोष्ट सांगते, त्याच्याकडून सांगून घेते, खेळातून मोजायला शिकवते, मग हळूच प्रमाण भाषेकडे नेते. कोण कुणाशेजारी बसतो, कुणाच्या हातचा खाऊ कोण घेत नाही, हेही मूल याच वयात शिकते. जात पहिलीच्या आधीच मनात शिरते. म्हणून तिथे उभी असलेली बाई शिकलेली, विचारांनी पक्की आणि आपल्या माणसांना ओळखणारी हवी.

पण अशाच एका अभ्यासक्रमाला बसलेल्या आमच्या भागातल्या ताईंचे हाल मी पाहिले आहेत. संपर्क वर्ग रविवारी, तोही तालुक्याबाहेर. प्रवासखर्च स्वतःचा. पुस्तकातली भाषा इतकी जड, की मुलाखतीसारखी भीती वाटते असे त्या म्हणतात. दिवसभर योजनांचे अर्ज आणि मोबाइलवरची नोंदणी. २०२१ मध्ये राज्यातल्या ताईंनी निकृष्ट मोबाइल आणि मराठी नसलेले ॲप यांच्याविरोधात सरकारचे फोन परत केले होते. त्याच फोनवरून आता अभ्यासही करायचा.

मग करायचे काय?

बहिष्कार नाही. पात्रता सोडून दिली तर उद्या ती जागा दुसरेच कुणी घेईल आणि आपल्या वस्तीत आपल्या पोरांची बोली न कळणारी बाई येईल. अंगणवाडीच्या भरतीला बारावीची अट आली आहेच. म्हणून शिकायचे. पण शिकतानाच पुढील मागण्या लावून धरायच्या:

१. अभ्यास आणि संपर्क वर्गाचा वेळ कामाचा वेळ धरावा. परीक्षेसाठी भरपगारी रजा आणि प्रवासखर्च मिळावा.
२. सगळे साहित्य सोप्या मराठीत आणि छापील द्यावे. आदिवासी भागात तिथल्या बोलीची जोड असावी.
३. प्रमाणपत्र मिळताच पूर्वप्राथमिक शिक्षिकेचे पद आणि वेतनश्रेणी मिळावी.
४. अनेक वर्षे काम केलेल्या, कमी शिकलेल्या ताईंना अभ्यासक्रमाच्या नावाखाली काढू नये. मदतनीस ताईंनाही शिकण्याची संधी द्यावी.

कायद्याची वाट थोडी उघडली आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नाही असे म्हटले होते. पण २५ एप्रिल २०२२ च्या निकालात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि अंगणवाडीत शिक्षणाचे काम चालते हेही लक्षात घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या ताई बेमुदत संपावर गेल्या आणि कारवाईच्या नोटिसा आल्या तरी जानेवारीपर्यंत हटल्या नाहीत. हे बळ संघटनेचे आहे.

तरुण मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणाची आई, मावशी, वहिनी अंगणवाडीत काम करते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेऐवजी बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासवर्ग का चालू नये? पदवीधर पोरापोरींनी ताईंना फोनवरचे धडे समजावून द्यावेत, त्यांच्या प्रकल्पाच्या वह्या तपासाव्यात, तेवढा वेळ त्यांची मुले सांभाळावीत. १८५५ ची रात्रशाळा अशाच एका घरात सुरू झाली होती. आणि ताई मोर्चाला निघतील तेव्हा आपण मागे नाही, सोबत असले पाहिजे.

सावित्रीमाईंना कुणी 'सेविका' म्हणत नाही. त्या शिक्षिका होत्या. त्यांचा वारसा चालवणाऱ्या बाईलाही तोच शब्द, तोच दर्जा आणि त्या दर्जाचा पगार मिळाला पाहिजे.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!