गोदावरी खोऱ्यातील प्राचीन सस्तन प्राणिसमूह

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर (ता. निफाड) आज पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्लाइस्टोसीन काळात (हिमयुगांच्या काळात) मात्र गोदाकाठी आजच्या हत्तीहून मोठा असा, आता नामशेष झालेला हत्ती (पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस) वावरत होता. येथील नदीनिक्षेपात सापडलेल्या त्याच्या कवटीचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले.

दख्खनच्या काळ्या पाषाणात कर्नूलसारख्या चुनखडीच्या गुहा नाहीत. त्यामुळे येथे हाडे टिकली ती मुख्यतः नदीच्या गाळात आणि चुन्याने घट्ट झालेल्या खडी-वाळूच्या थरांत. खरी अडचणही तिथेच आहे. पूर जुने थर उकरतो, हाडे वाहून नेतो आणि वेगवेगळ्या काळांतले अवशेष एकाच थरात टाकतो. लहान प्राण्यांची नाजूक हाडे चुरतात, तर हत्ती-बैलांच्या दाढा तग धरतात. म्हणून एका थरातली हाडे म्हणजे एकत्र चरणारा कळप, असे मानता येत नाही. हाडांची झीज, मोडलेल्या कडा आणि थरातली मांडणी आधी तपासावी लागते. मगच प्रत्येक जातीचे किमान किती प्राणी होते, हे मोजण्याला अर्थ येतो. दाढेच्या एनॅमलमधील कार्बनच्या समस्थानिकांवरून प्राणी मुख्यतः उष्ण प्रदेशातले गवत खात होता की झाडपाला, हेही कळते.

एका कवटीवरून प्राणिसमूह उभा राहत नाही, म्हणून सारे खोरे नजरेसमोर ठेवावे लागते. पैठणजवळच्या मुंगी येथे भूवैज्ञानिक ए. बी. विन यांना १८६५ मध्ये जीवाश्म हाडे असलेल्या निक्षेपात माणसाने काढलेला अकीकाचा छिलका मिळाला. माणूस आणि हे प्राणी यांचा संबंध शोधण्याचा भारतातील हा एक आरंभीचा दुवा. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी पुढे नाशिकजवळच्या गंगापूर परिसरातील अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला. लातूरकडच्या मांजरा खोऱ्यातून हत्ती, रानबैल (बॉस नामाडिकस) आणि पाणघोडा यांचे अवशेष मिळाले आहेत. त्यांतला पाणघोडा सर्वाधिक बोलका, कारण बारमाही खोल पाण्याशिवाय तो जगत नाही. गोदावरी खोऱ्याबाहेर, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे सापडलेली सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचे मात्र उघड्या, कोरड्या माळरानाकडे बोट दाखवतात. हे पुरावे एकाच दृश्यात बसवण्याचा मोह टाळावा. ते वेगवेगळ्या काळांतले आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतले आहेत. डेक्कन कॉलेजचे जी. एल. बदाम यांच्या ‘प्लाइस्टोसीन फॉना ऑफ इंडिया’ (१९७९) या ग्रंथात भारतभरच्या अशा प्राण्यांचा आढावा आहे.