पडद्यामागचा संपादक

ग्रंथकर्त्याचे नाव ग्रंथाबरोबर तरते. संपादकाचे नाव मात्र मासिक रद्दीत जाताच बहुधा बुडते. त्यातून ते मासिक मुलांच्या चित्रकथांचे असेल, तर वाङ्मयेतिहासकार त्याकडे ढुंकूनही पाहात नाहीत. ही उपेक्षा आम्हांस न्याय्य वाटत नाही. म्हणून मॉर्ट वाइझिंगर या अमेरिकन संपादकाच्या कारकिर्दीचा येथे विचार करावयाचा आहे.

वाइझिंगरचा जन्म १९१५ साली न्यू यॉर्क येथे झाला. १९३२ मध्ये ज्यूलियस श्वार्त्झ आदी मित्रांसह त्याने विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी ‘टाइम ट्रॅव्हलर’ हे छोटेखानी पत्र काढले. १९३४ मध्ये त्याने व श्वार्त्झने विज्ञानकथाकारांची हस्तलिखिते मासिकांना विकून देण्याची अडत घातली. पुढे १९३६ पासून तो ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’चे संपादन पाहू लागला. आल्फ्रेड बेस्टर हा पुढे नामांकित झालेला लेखक १९३९ मध्ये याच मासिकाच्या स्पर्धेतून प्रथम वाचकांपुढे आला.

१९४१ मध्ये वाइझिंगर सुपरमॅनच्या प्रकाशकांकडे गेला. त्याच वर्षी ॲक्वामॅन व ग्रीन ॲरो ही त्याने कल्पिलेली पात्रे एकाच अंकात अवतरली. युद्धकाळातील लष्करी सेवेनंतर तो परतला आणि १९७० पर्यंत सुपरमॅनच्या कथांतच रमला. विज्ञानकथेच्या क्षेत्रातील जुने स्नेही एडमंड हॅमिल्टन व ऑटो बाइंडर हे आता त्याच्यासाठी चित्रकथा लिहू लागले, हा योगायोग नव्हे. काल्पनिक सृष्टीलाही नियम असावे लागतात, हा विज्ञानकथेचा संस्कार त्याने मुलांच्या वाचनात आणला. बाटलीत कोंडलेली कँडोर नगरी १९५८ साली आली. नायकाची चुलत बहीण सुपरगर्ल १९५९ साली आली. एका बलवान वीराच्या सुट्या करामतींतून, स्वतःचा इतिहास व भूगोल असलेले एक जगच उभे राहिले. नियमांत न बसणारी कल्पना सुचली, तर ‘ही काल्पनिक कथा’ असे आरंभीच सांगून तो ती वेगळी काढी. बालवाचकाच्या बुद्धीचा याहून मोठा मान कोणता?

परंतु वाचकाला दिलेला मान त्याने लेखकाला दिला नाही. त्याचा कठोर, अपमानकारक स्वभाव त्याच्या हाताखालच्या अनेकांनी पुढे नमूद केला आहे. १९६६ मध्ये ज्याच्या कथा छापून येऊ लागल्या, तो चौदा वर्षांचा जिम शूटरही त्या तडाख्यातून सुटला नाही. सुपरमॅनचा एक जनक जेरी सीगेल १९५९ मध्ये पुन्हा लिहू लागला, तोही आपल्याच मानसपुत्राच्या कथांवर स्वतःचे नाव न घालता! सीगेल व त्याचा चित्रकार मित्र जो शूस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ मध्ये अवघ्या १३० डॉलरांस विकले होते. निनावी लेखनाची ही रूढी वाइझिंगरने निर्माण केली नव्हती, हे खरे. पण तिचा लाभ त्याने पुरेपूर घेतला.

आमच्या मते त्याचे गुण आणि दोष एकाच मुळातून निघाले. लेखकापेक्षा पात्र मोठे, ही त्याची श्रद्धा होती. तिच्यामुळेच ती सृष्टी सुसंगत झाली आणि तिच्यामुळेच ती घडविणारे हात झाकले गेले. १९७८ मध्ये वाइझिंगर वारला. त्याला संपादक म्हणून श्रेय अवश्य द्यावे. मात्र ते देताना त्या निनावी पानांवरची नावे आठवून मगच द्यावे.