रेवदंडा-कोर्लई येथील एक बोलतें साधन

रेवदंड्याच्या कोटांत आम्ही प्रातःकाळीं प्रवेश केला, तेव्हां नारळी-पोफळीच्या वाड्यांवर सातखणी मनोरा तेवढा डोकें काढून उभा होता. हा कोट म्हणजे पोर्तुगीजांचें चौल. इ. स. १५२१ मध्यें त्यांनीं येथें किल्ल्यास आरंभ केला. १५७०-७१ चा मुर्तजा निजामशहाचा वेढा सोसला. १५९४ मध्यें खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्यें तहानें दोन्ही स्थळें मराठ्यांकडे आलीं.

तटबंदी व शिलालेख यांची टिपणें पूर्वसूरींनीं केलेलीं आहेत. आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें साधन कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत आहे. तेथें पोर्तुगीजोद्भव बोली अद्यापि घरांतून बोलली जाते. बोलणारे तीस ‘नोलिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. पोर्तुगीज अंमल जाऊन पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी ती टिकली. तिचे शब्द बहुतांशीं पोर्तुगीज; वाक्याचें वळण मात्र मराठी, क्रियापद अखेरीस. दोन समाजांच्या निकट सहवासाचा हा पुरावा तहनाम्यांत किंवा पत्रव्यवहारांत मिळावयाचा नाहीं.

इ. स. १९९६ मध्यें क्लेमेंट्स यांनीं या बोलीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि बोलणारे सुमारें हजाराच्या आंतबाहेर असून तरुण पिढी मराठीकडे वळत आहे. म्हणून वृद्धांच्या तोंडचीं गाणीं, शेतीचे व मासेमारीचे शब्द आणि स्थलनामें यांचा संग्रह, जुन्या कागदांच्या संग्रहाइतक्याच तांतडीनें, संशोधकांनीं हातीं घ्यावा. कागद दप्तरांत कांहीं काळ वाट पाहूं शकतो. या साधनास तितका अवधि नाहीं.