सहीची प्रत आणि बिनसहीची प्रत

जुन्या वस्तूवर तिच्या कर्त्याची सही असली म्हणजे तिचे मोल वाढते, हा समज इतका सर्वमान्य आहे की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. परंतु चित्रकथांच्या, म्हणजे कॉमिक्सच्या, संग्राहकांत गेली पंचवीस वर्षे याच समजावर वाद चालू आहे. तज्ज्ञांकडून श्रेणी ठरवून घेतलेली प्रत सहीची असावी की बिनसहीची, असा तो वाद. वरवर पाहता हा सुखवस्तू छांदिष्टांचा प्रश्न वाटेल. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना त्याच्याशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न मुळात इतिहासाच्या साधनांचा आहे, आणि खानदेशाला तो नवा नाही.

आधी त्या बाजाराची रीत समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत २००० साली सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, संक्षेपाने सीजीसी, या संस्थेचे काम सुरू झाले. संग्राहकाने आपली प्रत तिकडे पाठवावी. तेथील परीक्षक पाने मोजतात, घड्या, डाग, गंजलेल्या पिना, कागदाचा पिवळेपणा हे सारे पाहतात, कोठे गुपचूप डागडुजी झाली आहे काय याचा शोध घेतात आणि ०.५ पासून १० पर्यंतच्या मापावर श्रेणी देतात. मग ती प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात बंद होते. ते कवच फोडले की श्रेणी गेली. म्हणजे वाचण्याचे पुस्तक येथे पाहण्याची वस्तू बनते. हे इष्ट की अनिष्ट, हा वेगळा वाद आहे. प्रस्तुत मुद्दा कवचावरील पट्टीचा आहे.

पट्टी निळी असेल तर प्रत सर्वसाधारण, जांभळी असेल तर डागडुजी केलेली. सहीच्या प्रतीला पिवळी पट्टी मिळते. मात्र त्यासाठी संस्थेच्या अधिकृत साक्षीदारासमोर सही झालेली असावी लागते. साक्षीदार नसताना झालेली सही, मग ती प्रत्यक्ष कर्त्याचीच का असेना, पिवळ्या पट्टीस पात्र ठरत नाही. अशा प्रतीला एकतर सशर्त श्रेणीची हिरवी पट्टी मिळते, किंवा मालकाने निळीच पट्टी मागितली तर ती सही मुखपृष्ठावरील लिखाण, म्हणजेच दोष, समजून श्रेणी उतरविली जाते. एकाच शाईची एकच रेघ साक्षीदार असेल तर भूषण ठरते आणि नसेल तर डाग ठरते! पुढे २०१४ साली निघालेल्या सीबीसीएस या दुसऱ्या संस्थेने हस्ताक्षरतज्ज्ञांकडून जुन्या सह्या पडताळून घेण्याची सोय केली. पण सहीला पुरावा हवा, हे तत्त्व तेथेही सुटले नाही.

आता संग्राहक काय पसंत करतात ते पाहू. सरसकट उत्तर देता येत नाही. प्रत किती जुनी व किती दुर्मीळ यावर ते अवलंबून असते. ज्या चित्रकथेच्या हजारो स्वच्छ प्रती उपलब्ध आहेत, तिच्यातील एखादी प्रत उठून दिसावी म्हणून सही उपयोगी पडते. उलट जी प्रत मुळातच दुर्मीळ आहे आणि ऐंशी वर्षे शाई, पाणी व वाळवी यांपासून बचावली आहे, तिच्यावर नव्याने लेखणी फिरविणे अनेकांना अपराधासारखे वाटते. बाजारही बहुधा त्यांच्याच बाजूने बोलतो. १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५ ची, म्हणजे स्पायडरमॅनच्या पहिल्या अवताराची, ९.६ श्रेणीची प्रत २०२१ साली ३६ लाख डॉलरांना गेली. सुपरमॅनचा जन्म ज्या अंकात झाला त्या १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ ची ८.५ श्रेणीची प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरांना विकली गेली. दोन्ही प्रती बिनसहीच्या होत्या.

दुसऱ्या उदाहरणामागे काळाचाही हात आहे. सुपरमॅनचे जनक जो शुस्टर १९९२ साली आणि जेरी सीगल १९९६ साली वारले. असंख्य नायकांना रूप देणारा चित्रकार जॅक कर्बी १९९४ साली गेला. साक्षीदाराची व्यवस्था आली २००० साली. अर्थात या तिघांची पिवळ्या पट्टीची प्रत असणे शक्यच नाही. याउलट स्टॅन ली २०१८ पर्यंत हयात होता आणि अखेरपर्यंत मुक्तहस्ताने सह्या देत राहिला. त्यामुळे त्याच्या साक्षांकित सह्या विपुल आहेत. म्हणजे बाजारात कोणाची सही मान्य आहे, याचा संबंध कर्तृत्वापेक्षा आयुर्मर्यादेशी अधिक आहे. ज्यांनी हा कलाप्रकार घडविला त्यांतील बहुतेकांची साक्ष नोंदवायला कोणी नव्हते. जे मागे उरले त्यांची साक्ष मात्र भरपूर नोंदली गेली. इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव चांगलाच परिचित आहे.

आमच्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. गोष्ट पक्की झाली, एवढाच त्याचा अर्थ आता उरला असला तरी एके काळी शिक्का आणि मोर्तब या दोन निराळ्या क्रिया होत्या. मराठेशाहीतील राजपत्र कारकुनाच्या हातचे असे. त्याच्या माथ्यावर शिक्का उमटे. मजकूर संपला तेथे मोर्तब होई, जेणेकरून खाली कोणी पदरचा मजकूर घालू नये. आजच्या अर्थाची सही बहुतेक पत्रांवर नसे, आणि तिच्यावाचून पत्राचे काही अडतही नसे. वतनाच्या तंट्यात महजर होई तेव्हा साक्षीदार हजर असत. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी आणि ती निशाणी ग्राह्य धरली जाई; कारण ती भरल्या सभेत झालेली असे. तात्पर्य, आमच्या पूर्वजांनीही अक्षरापेक्षा साक्षीला अधिक मान दिला होता. कवचातल्या प्रतीवरची पिवळी पट्टी हा त्याच रीतीचा दूरचा, व्यापारी वंशज म्हणावा लागेल.

परंतु येथेच एक फरक लक्षात घ्यावयास हवा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ते गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळीत. त्यांच्या आयुष्याची अखेर धुळ्यात झाली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. नंदुरबार तेव्हा धुळे हे मुख्य ठिकाण असलेल्या पश्चिम खानदेशातच होते. आमचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात जुने कागद आजही जपले जातात. अशा कागदांना श्रेणी लावायची म्हटली तर फाटलेले, कसरीने खाल्लेले, कडेला कोणी हिशेब मांडलेले कागद तळाशी जातील. पण संशोधक तो कडेचा हिशेबच आधी वाचतो. कागद कोणाच्या हाती होता, केव्हा होता आणि कशासाठी वापरला, हे त्याला तेथून कळते.

हीच दृष्टी आता मराठी चित्रकथांकडे वळवू. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिली कथा वेताळाच्या पट्ट्याची होती. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही हे अंक निघत, आणि १९९० साली ते बंद पडेपर्यंत त्यांची संख्या आठशेवर गेली होती. वेताळाचा जनक ली फॉक मार्च १९९९ मध्ये वारला, म्हणजे साक्षीदाराची व्यवस्था येण्याच्या एक वर्षभर आधी! तेव्हा पिवळ्या पट्टीची, फॉकच्या सहीची इंद्रजालची प्रत कोणी कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही. आरंभीच्या अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद या नावाने रंगविणारे गोविंद ब्राह्मणिया यांनीच पुढे, आबिद सुरती यांनी १९७६ साली निर्माण केलेल्या बहादूरची चित्रे काढली. त्यांचे नाव जाणकारांना तरी ठाऊक आहे. ज्यांनी वेताळाला, मँड्रेकला मराठी बोलायला लावले, त्या अनुवादकांची नावे वाचकांच्या ओठी कधीच आली नाहीत.

अमर चित्र कथेची गोष्ट याहून थोडी बरी. अनंत पै यांनी १९६७ साली उभ्या केलेल्या या मालेतील ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी चितारला आणि ‘शिवाजी’ प्रताप मुळीकांनी. हेच मुळीक पुढे हिंदीतील नागराजाच्या आरंभीच्या कथांचे चित्रकार झाले. परंतु पुस्तकावर चित्रकाराचे नाव असणे निराळे आणि वाचकाने त्याच्याकडे सही मागणे निराळे. आपल्याकडे लेखकाची सही मागण्याची रीत होती. चित्रकथेच्या चित्रकाराकडे वही घेऊन जाणारा वाचक विरळाच. भारतात पहिले कॉमिक कॉन दिल्लीला भरले ते फेब्रुवारी २०११ मध्ये, आणि त्याच महिन्यात अनंत पै यांचे निधन झाले. सह्यांचा बाजार आपल्याकडे भरू लागला तो इतक्या उशिरा.

म्हणून आमच्या भागात या जुन्या प्रतींवर जी अक्षरे आढळतात ती कर्त्याची नसतात, वाचकाची असतात. नंदुरबार आणि नवापूर ही सुरत-भुसावळ लोहमार्गावरची गावे. शहादे, तळोदे, अक्कलकुवा, धडगाव यांना आगगाडी नाही, तेथला आधार एसटीचा. अशा मुलखात एकच अंक अनेक हातांतून फिरे. कोणी पहिल्या पानावर आपले नाव व इयत्ता लिही, कोणी वाचनालयाचा शिक्का मारी, कोणी भाड्याने देण्यासाठी क्रमांक घाली, कोणी निखळलेले मुखपृष्ठ दाभणाने शिवून टाकी. सीजीसीच्या मापाने यातील प्रत्येक गोष्ट दोष आहे: नाव म्हणजे लिखाण, शिक्का म्हणजे डाग, शिवण म्हणजे छिद्रे. आमच्या मते मात्र सह्या म्हणायच्या तर याच. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतील एखाद्या मुलाने, ज्याच्या घरी कदाचित अहिराणी, भिली किंवा पावरी बोलली जात होती, आपले नाव देवनागरीत एका छापील मराठी पुस्तकावर मालकी हक्काने लिहिले, ही घटना लहान नाही. मराठी वाचन या जिल्ह्यात कसे रुजले याचा इतिहास लिहायचा झाल्यास असा पुरावा दुसरीकडे सहसा सापडायचा नाही.

यावर आक्षेप येईल की बाजाराचे निकष बाजारापुरते असतात, ते कोणी इतिहासावर लादीत नाही. हा आक्षेप पुरता खरा नाही. जे विकले जाते तेच जपले जाते. जुन्या इंद्रजालच्या प्रतींना आता आंतरजालावर गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक विचारते ते ‘स्वच्छ आहे का?’ एवढेच. मग विकणारा नाव खोडतो, शिक्क्याचे पान काढून टाकतो आणि ज्या प्रती सुधारता येत नाहीत त्या रद्दीत घालतो. परदेशी बाजाराने पूर्वी अनाडी डागडुजीला जसे उत्तेजन दिले आणि नंतर जांभळी पट्टी लावून तिची किंमत पाडली, तसेच काहीसे आपल्याकडे आधीच घडून जाईल. आणि तेव्हा पट्टी लावायलाही काही उरलेले नसेल.

तेव्हा सहीची प्रत श्रेष्ठ की बिनसहीची, याला आमचे उत्तर असे: ज्या सहीमागे साक्ष आहे तिला मोल आहे, मग ती सही कर्त्याची असो वा धन्याची. साक्षीवाचूनच्या सहीपेक्षा कोरी प्रत बरी, हा संग्राहकांचा निवाडा आम्हांस मान्य आहे. मात्र वाचकाच्या नावाला दोष म्हणण्याचा त्यांचा निवाडा मान्य नाही. महाविद्यालयांनी व तालुक्यांच्या वाचनालयांनी आपल्या जुन्या चित्रकथा रद्दीत देण्यापूर्वी त्यांवरील नावे, शिक्के, तारखा यांची निदान एक यादी करावी. त्याला प्लास्टिकचे कवच लागत नाही आणि डॉलरही लागत नाहीत. एक वही आणि चार दुपारी पुरेशा आहेत. राजवाड्यांच्या खानदेशात एवढे तरी व्हावयास हरकत नसावी.